चोराचं इंग्रजी

दुकानाच्या काचेवर दोन ओळी होत्या. वरची मोठी, मास्तरांनी लिहून घेतलेली: कोट, पॅन्ट, सूट शिवून व अल्टर करून मिळेल. खालची छोटी आणि जरा तिरकी, ती मास्तरीणबाईंच्या हट्टाची: येथे इंग्रजी बोलतात.

ती ओळ रंगवताना पेंटरने ब्रश थांबवून विचारलं होतं, "कोण बोलतं?"

"सध्या कोणी नाही," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही रंगवा. रंग वाळेपर्यंत शिकतो."

रंग दुपारपर्यंत वाळला. इंग्रजीला थोडा जास्त वेळ लागला.

गल्लीच्या टोकाला मोठं हॉटेल होतं आणि तिथे लांबलांबचे पाहुणे उतरत. कुणाच्या कोटाची बाही प्रवासात उसवलेली, कुणाची पॅन्ट पायात येणारी. ते दुकानात येत, हातवारे करत आणि मास्तर माना हलवत. मास्तरांचा हात फार चांगला, टाका असा की शोधून सापडू नये. पण हातवाऱ्यांवर विसंबून त्यांनी एकदा एका पाहुण्याची लोकरीची पॅन्ट पार गुडघ्यावर आणून ठेवली. पाहुणा भला माणूस. तो नुसता गुडघ्यांकडे बघत राहिला. त्याच दिवशी बाईंनी पेंटरला बोलावलं.

आधी त्यांनी इंग्रजीचं पुस्तक आणलं. पुस्तकातला माणूस रोज सकाळी उठून बागेत जायचा आणि फुलं बघायचा. चार धडे झाले तरी तो बागेतच.

"याचं कधी काही फाटतच नाही का?" बाईंनी विचारलं आणि ते पुस्तक मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. तिथे त्याचा उपयोग झाला.

मग त्यांनी सिनेमे धरले. दुकानाच्या मागच्या खोलीत बंद पडलेल्या मशीनवर टीव्ही ठेवला आणि दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं की तिथे वर्ग भरायचा. सिनेमे दोनच. एकात डोंगरातल्या गावाला आलेली डॉक्टरीण होती, दुसऱ्यात एका चोराच्या मागे लागलेली इन्स्पेक्टरबाई. तेच दोन, आलटून पालटून. सुरुवातीला पडद्यावर खाली अक्षरं यायची, ती वाचून अर्थ लावायचा. मग एक दिवस बाईंनी कोटाच्या अस्तराची काळी पट्टी टीव्हीच्या तळाशी चिकटवली आणि अक्षरं झाकून टाकली. "आता कानांनी बघा," म्हणाल्या.

शेजारचा चष्मेवाला अधूनमधून डोकावायचा. त्याचं आणि मास्तरांचं दुकान भिंतीला भिंत लावून, आणि दोस्ती त्या भिंतीइतकीच जुनी.

"वहिनी, तेच तेच काय बघता? शेवट बदलणारे का?"

"शेवट बघायला कोण बसलंय इथं?"

"मग एखादा प्रेमाचा तरी लावा."

"गिऱ्हाइकाला प्रेमाचं काय सांगू?" बाई म्हणाल्या. "मला त्याला हात वर करायला सांगायचंय. सरळ उभे राहा, मागे वळा, हलू नका, श्वास घ्या, सोडा. हे जगात तिघंच बोलतात. डॉक्टर, पोलीस आणि शिंपी."

चष्मेवाल्याला ते कळलं. मास्तरांनाही ते त्याच क्षणी कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की बायकोला हे दोन सिनेमे नुसते आवडतात. त्या दुपारी शटर वर करताना त्यांची मान जरा ताठ झाली होती.

सिनेमा पुरेसा मुरला की बाई आवाज बंद करायच्या आणि पडद्यावरच्या माणसांचं बोलणं दोघांनी बोलायचं. डॉक्टरीण बाई, इन्स्पेक्टरही बाईच. मास्तर म्हणजे झाडून सगळे पेशंट आणि तो चोर.

"नेहमी मीच का चोर?" मास्तरांनी एकदा विचारलं.

"तोंड बघा आरशात."

दुकानात ट्रायलचा पूर्ण उंचीचा आरसा होता. मास्तरांनी जाऊन बघितलं. "थोडंसं दिसतंय," ते म्हणाले.

शाळेतून लेक घरी आली की तिलाही भूमिका मिळायची. ती नर्स. नर्सला एकच वाक्य होतं, 'डॉक्टर इज कमिंग', डॉक्टर येतायत. ती ते इतक्या थाटात म्हणायची की डॉक्टरणीला हसू आवरायचं नाही.

नवा शब्द सापडला की बाई तो शिवणाच्या खडूने कटिंगच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहीत, आपल्याच अक्षरांत, ऐकू येईल तसा. नियम असा, की तो शब्द जो आधी गिऱ्हाइकासमोर, न हसता, बरोबर जागी वापरेल त्याने तो पुसायचा आणि हरलेल्याने चहा करायचा. एकदा टेबलावर 'सस्पिशियस' होता, म्हणजे संशयास्पद. बाईंनी एका पाहुण्याच्या पॅन्टचा खिसा आतून बाहेर काढला, त्यातल्या भोकातून बोट घातलं आणि इन्स्पेक्टरच्या गंभीर आवाजात म्हणाल्या, हा खिसा सस्पिशियस आहे. पाहुणा हसता हसता खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. चहा मास्तरांनी केला. तसा बहुतेक वेळा तेच करायचे.

असं करत दुकान नावारूपाला आलं. दाराजवळच्या खुर्चीत बसून बाई प्रश्न विचारायच्या, गिऱ्हाईक उत्तरं द्यायचं आणि मास्तर टेप घेऊन त्याच्याभोवती फिरायचे. हॉटेलच्या काउंटरवर दुकानाचं कार्ड ठेवलं गेलं. तिथल्या खोल्यांचा कारभार बघणारी बाई, कमरेला चाव्यांचा घोस असायचा म्हणून सगळी गल्ली तिला चावीवाली म्हणायची, ती पाहुण्यांना सांगायची, "जा, तिथे तुम्हाला अटक करतील, पण कोट झकास होईल."

मग बाई गेल्या. आजार फार लांबला नाही. त्यातल्या त्यात बरं झालं, असं येणारा जाणारा म्हणत होता. त्यात बरं काय, ते मास्तरांना कळलं नाही.

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं, कारण घरात बसून करायचं काय हा प्रश्न होता. टेबलाच्या कोपऱ्यावर बाईंनी लिहिलेला शेवटचा शब्द तसाच होता. स्प्लेंडिड. त्याचा अर्थ बाईंनी सांगितला होता: "झकासच. पण कोट-टाय घातलेलं." तो वापरायचा राहून गेला होता. मास्तर कापड पसरताना तेवढा कोपरा मोकळा सोडत. नव्या कापडाचा पन्हा मोठा असला की टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाकून कापत आणि पाठ धरली की बोलून दाखवत नसत.

इंग्रजीची अडचण आहे हे आधी लक्षातच आलं नाही. पहिले काही दिवस गल्लीतलीच गिऱ्हाइकं आली. मग एका सकाळी हॉटेलातून एक उंच बाई आली. हातावर नवऱ्याचं जाकीट, आदल्या दिवशी मास्तरांनी त्याची फाटलेली कोपराकडची बाजू रफू करून हॉटेलच्या माणसाबरोबर पाठवली होती. तिने ते टेबलावर ठेवलं, रफूवर बोट ठेवलं आणि मास्तरांच्या डोळ्यांत बघून विचारलं, हे तुम्ही केलंत का?

हा प्रश्न मास्तरांच्या ओळखीचा होता. इन्स्पेक्टरबाई तो अर्ध्या सिनेमात विचारते. उत्तर विचाराआधी बाहेर पडलं.

"नो, मॅडम. आय वॉज ॲट होम. आस्क माय मदर."

मी नाही, मी घरी होतो, माझ्या आईला विचारा. बाई गोंधळली. तिने जाकीट जरा पुढे सरकवून पुन्हा विचारलं. मास्तरांचं पुढचं वाक्यही आपसूक आलं, हे मी जन्मात पाहिलेलं नाही. ती जाकीट उचलून निघून गेली.

दुपारी चावीवाली आली. बसली नाही.

"मास्तर, ती बाई तुमचं कौतुक करायला आली होती. रफू कुठे आहे ते तिच्या नवऱ्याला सापडत नव्हतं, म्हणून."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून बोटाला गुंडाळला.

"आता ती सगळ्यांना सांगतेय की तुमचा शिंपी स्वतःचंच काम नाकारतो. आणि आईचं काहीतरी. आईचं काय?"

"सिनेमातलं आहे."

"असेल. माझा तुमच्यावर भरवसा आहे, पण हॉटेलचे साहेब मला विचारतात. उद्या दुपारी एका पाहुण्याला घेऊन येते. त्यांना मोठ्या सभेत बोलायचंय आणि कोट अंगात लोंबतोय. तुमचं त्यांच्याशी बोलणं जमलं तर ठीकच. नाही जमलं तर कार्ड काढावं लागेल मला." तिची नजर काचेकडे गेली आणि तिने ती लगेच वळवली.

"ती ओळ मीच खरवडीन," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी शिवण उसवायचं पातं घेतलं आणि काचेसमोर उभे राहिले. आतून ओळ उलटी दिसत होती. पहिल्या अक्षराच्या कडेला पातं टेकवलं तेवढ्यात बाहेरून चष्मेवाल्याने काचेवर टकटक केली आणि आत आला.

"काय चाललंय?"

"पाटीवर खोटं नको."

"कोण वाचतंय मास्तर? माझ्या काचेवर 'फक्त आज सवलत' लिहून किती वर्षं झाली."

"तुझं तू बघ. तिनं हे लिहिलं तेव्हा खोटं होतं. तिनं ते खरं केलं. आता माझ्यामुळे पुन्हा खोटं व्हायला नको."

"तुला येतं की इंग्रजी. मी ऐकलंय भिंतीपलीकडून."

"मला उत्तरं येतात," मास्तर म्हणाले. "प्रश्न सगळे तिच्याकडे होते. कुणी विचारलं तर मी सांगेन, पोटात दुखतंय, मी घरी होतो. सुरुवात कशी करायची ते मला माहीतच नाही. सुरुवात तीच करायची."

चष्मेवाल्याने डोकं खाजवलं. "मी बसतो उद्या त्या खुर्चीत. मी विचारतो."

"तुला काय येतं?"

"थँक्यू येतं."

"आणि?"

"माझ्या धंद्यात गिऱ्हाईक अक्षरं वाचतं, मी मान हलवतो." त्याने हळूच मास्तरांच्या हातातलं पातं काढून घेतलं. "हे उद्या संध्याकाळी देतो. तेव्हा खरवड हवं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी राहत होती आणि रोज फोन करायची.

"बाबा, जेवण नीट करता ना?"

"करतो."

"खोटं बोलता. चष्मेकाकांनी सांगितलं मला सगळं."

"तो काय कमी चोंबडा आहे?"

"ती ओळ वाचत मी रोज शाळेतून आलेय बाबा. 'इंग्रजी' हा शब्द मी पहिल्यांदा त्या काचेवर वाचला, तोही मराठीतून. ती खरवडली तर मला सांगू नका, मी त्या गल्लीत यायची नाही."

"अगं पण बोलणार कोण?"

 लेकीने लहानपणीच्या त्याच थाटात म्हटलं, "डॉक्टर इज कमिंग." आणि फोन ठेवला. 

दुपारी चावीवाली पाहुण्याला घेऊन आली. उंच, वयस्कर माणूस, एकेकाळी भरदार असावा. कोट भारी कापडाचा, पण खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. तो आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघू लागला. बोलला काहीच नाही. चावीवाली दाराजवळ थांबली. शेजारी बाईंची खुर्ची रिकामी होती, पण ती तिच्यात बसली नाही. भिंतीपलीकडे चष्मेवाल्याच्या दुकानातला रेडिओ बंद झाला.

मास्तर टेप गळ्यात घालून वाट बघत होते. काही विचारलं असतं तर उत्तर देता आलं असतं. पण हा माणूसही त्यांच्यासारखाच, कुणीतरी विचारायची वाट बघत उभा. सवयीने मास्तरांनी खुर्चीकडे बघितलं. तिथून काही आलं नाही.

आणि मग त्यांना तो प्रसंग दिसला. पहिलाच पेशंट दवाखान्यात येतो, दाराशी अवघडून उभा राहतो. डॉक्टरीण त्याच्याकडे बघत नाही. ती टॉवेलला हात पुसते आणि बोलते. पेशंट म्हणजे स्वतः मास्तर. ते वाक्य पूर्ण होईपर्यंत किती दुपारी ते जीव कानांत आणून थांबले होते, कारण ते संपलं की त्यांची पाळी. आपलं वाक्य ते कधीकधी चुकायचे. तिचं वाक्य त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं, ते ऐकल्याशिवाय त्यांना तोंड उघडताच येत नव्हतं.

त्यांनी इस्त्रीच्या फडक्याला हात पुसले.

"नाऊ देन," ते म्हणाले. "व्हॉट सीम्स टू बी द ट्रबल?"

हं, बोला, काय त्रास होतोय? आवाज त्यांचाच, जाडाभरडा. पण कुठे थांबायचं, कुठे वर जायचं, सगळं तिचं. दाराजवळ चाव्या वाजल्या.

पाहुण्याने मान वर केली. "कोट," तो म्हणाला. मग जरा थांबून, "किंवा मीच."

"सिन्स व्हेन?" कधीपासून? हा डॉक्टरणीचा दुसरा प्रश्न.

पाहुणा सांगू लागला. सगळं कळलं नाही, पण हॉस्पिटल कळलं, वजन कळलं आणि भाषण कळलं. मास्तरांनी त्याला मध्ये तोडलं नाही. डॉक्टरीणही तोडत नाही. तो थांबल्यावर त्यांनी टेप छातीभोवती घेतला.

"ब्रीद इन. होल्ड. नाऊ लेट गो."

त्याने श्वास घेतला, धरला, सोडला. टेपमधून मास्तरांना तो सुटलेला जाणवला. आता हात वर करायला सांगायचं होतं आणि ते डॉक्टरणीच्या सिनेमात सापडेना. पण सिनेमे दोन होते. बाईंनी काही उगाच दोन घेतले नव्हते.

"हँड्स अप," मास्तर म्हणाले. "डोन्ट मूव्ह."

पाहुण्याचे हात वर गेले. आरशात तो आणि मास्तर एकमेकांकडे बघत होते. त्याच्या तोंडाची एक बाजू हलली.

"टर्न अराउंड. स्लोली."

तो हळू वळला, हात वरच. आणि वळता वळता, तोंड चोरासारखं करून म्हणाला, "आय डिडन्ट डू इट."

मी नाही केलं. मास्तरांचं वाक्य होतं ते. इतकी वर्षं त्यांनीच ते म्हटलं होतं आणि प्रत्येक वेळी समोरून एकच उत्तर आलं होतं. ते शोधावंही लागलं नाही.

"दॅट्स व्हॉट दे ऑल से."

सगळे असंच म्हणतात. पाहुणा हसला, हात वर ठेवूनच, पोटातून. चावीवालीही हसली आणि मग काचेकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

पुढचं काम मास्तरांच्या हातातलं. पाठीची शिवण कात्रीच्या टोकाने उसवून दोन्हीकडून आत घेतली, बगलेत थोडं कमी केलं, खांद्याला मात्र हात लावला नाही. खांदा माणसाचा स्वतःचा असतो, वजन परत आलं की त्याला लागेल. शिवणीत कापड न कापता तसंच ठेवलं आणि ते पाहुण्याला उलटून दाखवलं. त्यासाठी सिनेमात वाक्य नव्हतं. मास्तरांनी पोटाच्या जागी बोट दाखवलं आणि स्वतःच जोडून म्हटलं, "व्हेन यू कम बॅक, ओपन." तुम्ही पुन्हा अंगाने भरलात की हे उघडायचं. पाहुण्याला ते कळलं. त्याने त्या शिल्लक कापडावरून अंगठा फिरवला.

कोट घालून तो आरशासमोर उभा राहिला. आता तो कोटात होता. मास्तरांनी मागून कॉलर झटकली, दोन पावलं मागे गेले, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"स्प्लेंडिड," ते म्हणाले. हसले नाहीत.

मग ते टेबलाशी गेले आणि कोपऱ्यावरचा शब्द तळव्याने पुसून टाकला. खडू हाताला लागला. पाहुण्याला वाटलं, टेबल साफ करतायत.

निघताना चावीवाली दारात थांबली. "सगळी वाक्यं बाईंची होती."

"हो," मास्तर म्हणाले. "शिवण माझी."

"कार्ड काउंटरवरच आहे. आणि सांगून ठेवते मी, अटक पुन्हा सुरू झाली म्हणून."

संध्याकाळी चष्मेवाला कबूल केल्याप्रमाणे पातं घेऊन आला. मास्तर स्टुलावर चढून आतून काचेवर बारीक ब्रश फिरवत होते. 'बोलतात' मधला काना ऊन खाऊन फिका पडला होता.

"हे ठेवू कुठं?" त्याने पातं पुढे केलं.

"टेबलावर ठेव. आणि मागच्या खोलीत ये."

मागच्या खोलीत मास्तरांनी टीव्ही लावला. अस्तराची पट्टी एका बाजूने सुटली होती, ती दाबून बसवली. इन्स्पेक्टरबाईचा सिनेमा सुरू केला आणि आवाज बंद केला.

"हे काय?" चष्मेवाला म्हणाला.

"मी इन्स्पेक्टर. तू चोर."

"मीच का चोर?"

"तोंड बघ आरशात."

चष्मेवाला खरंच बाहेर जाऊन आरशात बघून आला. येताना त्याने आपला चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तुझा आरसा वाकडा आहे," तो म्हणाला.

"आरसा सरळ आहे. ऐक, मी विचारणार, माझं संपलं की तुझं. 'आय वॉज ॲट होम. आस्क माय मदर.' म्हण."

चष्मेवाल्याने म्हटलं. आईपर्यंत पोचता पोचता तो हसला.

"हसलास," मास्तर म्हणाले. "हरलास. ऊठ, चहा ठेव. साखर तिसऱ्या डब्यात आहे, तिनं ठेवलीये तिथेच."